पडद्यावरचा ज्यू गोराच का?

2023 साली दोन चित्रपटांवरून अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये वाद पेटला. ‘माएस्ट्रो’त संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइन साकारताना ब्रॅडली कूपरने कृत्रिम नाक लावलं आणि ‘गोल्डा’त इस्रायलच्या पंतप्रधान गोल्डा मायर झाल्या हेलन मिरेन. दोघंही ज्यू नाहीत. बर्नस्टाइनच्या मुलांनी कूपरची बाजू घेतली, पण ज्यू व्यक्तिरेखा ज्यू कलाकारालाच मिळावी की नाही, हा प्रश्न मिटला नाही. प्रश्न रास्त आहे, तरी माझ्या मते अर्धाच आहे. ज्यू म्हणजे पूर्व युरोपातून आलेला गोरा माणूस, हे त्यात धरूनच चाललेलं असतं. येमेन, इराक, मोरोक्को, इथिओपिया आणि आपल्या कोकणातले ज्यू या चर्चेत फारसे येतच नाहीत.

याची मुळं हॉलिवूडच्या जन्मातच आहेत. अ‍ॅडॉल्फ झुकर, कार्ल लेमली, लुई मेयर, वॉर्नर बंधू हे सगळे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यू घरांतले. वॉर्नर बंधूंच्या 1927 च्या ‘द जॅझ सिंगर’मध्ये सिनेगॉगात, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना गाणाऱ्या घरातला मुलगा आहे आणि ती भूमिका करणारा अल जोल्सन स्वतः तशाच घरातला. त्यातली आई, योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाची प्रार्थना, बापाचा राग हे सारं आतून आलेलं वाटतं. मात्र हाच नायक रंगमंचावर उभा राहतो तो चेहरा काळा रंगवून, कृष्णवर्णीयाचं सोंग घेऊन. ज्यू घर खरं आणि काळा चेहरा रंगवलेला, अशी विभागणी या एकाच चित्रपटात दिसते. पुढे तीसच्या दशकात ज्यूद्वेषाच्या धास्तीने स्टुडिओवाल्यांनी ज्यू पात्रंच टाळली. 1971 मध्ये ‘फिडलर ऑन द रूफ’ आला आणि रशियातल्या खेड्यातला दूधवाला टेव्ये जगभरच्या प्रेक्षकांसाठी ज्यू जीवनाचं चित्र होऊन बसला.

टेव्ये साकारणारा टोपोल त्याआधी, 1964 मध्ये, इस्रायलच्या ‘सलाह शबाती’चा नायक होता. एफ्राइम किशोन यांचा हा चित्रपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. सलाह हा पूर्वेकडच्या देशातून आलेला, निर्वासितांच्या छावणीत राहणारा, कामचुकार पण हुशार ज्यू. टोपोलचं घराणं मात्र पूर्व युरोपातलं आणि किशोन हंगेरीतून आलेले. नोकरशाहीवर चित्रपटाने सपासप वार केले हे खरं, पण सावळ्या ज्यूची गोष्ट सांगणारेही गोरे आणि ती वठवणाराही गोरा.

त्याच 1964 सालात आपले बेने इस्रायल, म्हणजे कोकणातून तिथे गेलेले ज्यू, जेरुसलेममध्ये रस्त्यावर उतरले होते. तिथल्या मुख्य रब्बीनेटने, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या सर्वोच्च संस्थेने, त्यांच्या वंशशुद्धीबद्दल शंका घेतली होती आणि इतर ज्यूंशी लग्न करायचं तर पूर्वजांची चौकशी सांगितली होती. कोकणात शतकानुशतकं शनिवार पाळला म्हणून ज्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं गेलं, त्यांना ज्यूंच्या देशात ज्यूपण सिद्ध करायला सांगावं, हा अन्याय होता. ते सर्वार्थाने ज्यू आहेत, असं अखेर संसदेला म्हणावं लागलं.

मुंबईच्या पडद्यावर तर ज्यू कलाकारांची रांगच होती. पहिला बोलपट ‘आलम आरा’ लिहिला जोसेफ डेव्हिड पेणकर यांनी. पुण्यात जन्मलेल्या रुबी मायर्स ‘सुलोचना’ झाल्या, फ्लॉरेन्स इझिकेल ‘नादिरा’. पण पडद्यावर ते सारे दुसऱ्याच कोणाचं तरी आयुष्य जगले. डेव्हिड अब्राहम चेउलकर यांचं आडनावच अलिबागजवळच्या चौलचं. लोकांच्या मनात मात्र ते राहिले ‘बूट पॉलिश’मधले ख्रिस्ती जॉन चाचा म्हणून. ‘ज्युली’त नादिरा अँग्लो-इंडियन आई होत्या. आणि बिमल रॉय यांनी 1958 मध्ये ‘यहुदी’ काढला, तेव्हा जवाहिऱ्या एझ्रा झाले पारशी सोहराब मोदी आणि हॅना झाल्या मीनाकुमारी. आगा हश्र काश्मिरींच्या नाटकावरची ही कथा रोमन साम्राज्यात घडते. शेजारच्या डोंगरी-भायखळ्यात मराठी बोलणारे, प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिद्याचं तबक मांडणारे ज्यू राहत होते, पण कथेला ज्यू हवा होता तो दूरचा, झगा घातलेला. पारशी रंगभूमीने युरोपकडून उचललेला तो साचा होता.

‘टर्न लेफ्ट अ‍ॅट द एंड ऑफ द वर्ल्ड’ (2004) या आवी नेशर यांच्या इस्रायली चित्रपटात हे जरा बदललेलं दिसतं. साठच्या दशकाच्या अखेरीस नेगेवच्या वाळवंटातल्या एका वस्तीत भारतीय आणि मोरोक्कन ज्यू शेजारी येतात. एकाला इंग्रजीचा तोरा, दुसऱ्याला फ्रेंचचा, आणि दोघांनाही देशाने त्याच वाळूत आणून टाकलेलं. कुटुंबाचं आडनाव तालकर, आपल्याकडच्या धाटणीचं. आईवडील झाले कृत्तिका देसाई आणि परमीत सेठी, मुलगी झाली इराणी वंशाची लिराझ चर्ही. म्हणजे बेने इस्रायलचं घर पुन्हा इतरांनीच उभं केलं. तरीही मला हा चित्रपट महत्त्वाचा वाटतो, कारण ज्यूच ज्यूला रंगावरून आणि मुलखावरून कसं तोलतात हे तो समोर मांडतो.

इथिओपियाच्या ज्यूंच्या बाबतीत पाऊल पुढे पडलं आहे. 1984 आणि 1991 मध्ये त्यांना विमानांनी इस्रायलला आणलं गेलं. 2018 च्या ‘फिग ट्री’ची दिग्दर्शिका आलेमवर्क डेव्हिडियन अदिस अबाबात जन्मलेली आणि लहानपणी इस्रायलला आलेली. यादवीच्या काळात त्याच शहरात राहणाऱ्या ज्यू मुलीची गोष्ट तिने अम्हारिक भाषेत सांगितली.