घरी अॅम्प्लिफायर बनवताय? वॅट नंतर, बायस आधी

होम थिएटरच्या खोक्यावर ‘४००० वॅट पीएमपीओ’ (पीक म्युझिक पॉवर आउटपुट, म्हणजे क्षणभराची कमाल ताकद) असं ठळक छापलेलं असतं आणि त्याच यंत्राच्या पाठीमागच्या पट्टीवर वीजवापर ६० वॅट. साठ वॅट घेणारं यंत्र सतत चार हजार वॅट देऊ शकत नाही, हे ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शिकलेल्या कुणालाही कळेल. पीएमपीओ मोजायची प्रमाणित पद्धतच नाही, त्यामुळे विकणारा म्हणेल तो आकडा. वाईट याचं वाटतं, की स्वतः अॅम्प्लिफायर बनवायला निघालेली मुलंही आधी वॅटच विचारतात.

वॅटचा हिशेब लवकर उरकतो. साधारण घरगुती स्पीकरला १ वॅट दिला की एक मीटरवर ८५ ते ९० डेसिबल आवाज मिळतो, आणि घरात तो मोठाच वाटतो. वॅट दुप्पट केले तर वाढतात फक्त ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर वॅट जवळपास दहापट लागतात. बैठकीच्या खोलीला २०-२५ वॅट भरपूर झाले.

मग सर्किट निवडताना बघायचं काय? माझ्या मते सगळ्यात आधी एकच गोष्ट: आउटपुटचे दोन ट्रान्झिस्टर एकमेकांकडे काम कसं सोपवतात.

बहुतेक सर्किटांत शेवटी एक एनपीएन आणि एक पीएनपी असे परस्परविरुद्ध प्रकारचे ट्रान्झिस्टर असतात. ध्वनिलहरीचा वरचा अर्धा भाग पहिला सांभाळतो, खालचा दुसरा. दोघांनी ओढायच्या लांब करवतीसारखं हे काम आहे, प्रत्येक जण फक्त आपल्याकडे ओढतो. अडचण येते मध्यावर. सिलिकॉन ट्रान्झिस्टरला बेस आणि एमिटर या दोन टोकांमध्ये सुमारे ०.६ व्होल्ट मिळाल्याशिवाय तो चालू होत नाही. दोघांचा मिळून जवळपास १.२ व्होल्टचा पट्टा असा, की त्यात दोघेही बंद. शून्य ओलांडताना लहर दर वेळी तिथे सपाट होते. हीच क्रॉसओव्हर विकृती. मोठ्या लहरीत हा पट्टा नगण्य असतो, बारीक लहरीचा मात्र तो मोठा हिस्सा गिळतो. म्हणूनच ढोल-ताशा ठीक वाजतो आणि तंबोऱ्याचा विरत जाणारा नाद खरखरतो.

विकृती कमी करायचा एक जुना उपाय आहे. २ ऑगस्ट १९२७ रोजी अमेरिकेतल्या बेल लॅब या संशोधनसंस्थेचे अभियंते हॅरल्ड ब्लॅक फेरीबोटीने हडसन नदी ओलांडून कामावर चालले असताना त्यांना निगेटिव्ह फीडबॅकची कल्पना सुचली आणि ती त्यांनी हातातल्या वर्तमानपत्रावरच लिहून काढली. आउटपुटचा थोडा भाग मागे आणायचा, इनपुटशी ताडायचा, फरक दुरुस्त करायचा. आजचे जवळजवळ सगळे अॅम्प्लिफायर यावर चालतात. पण दोन्ही ट्रान्झिस्टर बंद असतील त्या क्षणी दुरुस्ती करणार कोण? विकृती कमी होते, पुरती जात नाही.

म्हणून दोघांनाही कायम थोडं चालू ठेवायचं. त्यासाठी दोन बेसच्या मध्ये जो व्होल्टेज राखायचा, तो बायस. माझा जीव अडकलाय तो इथे. ट्रान्झिस्टर एक अंश तापला की तेवढ्याच प्रवाहासाठी त्याला सुमारे २ मिलिव्होल्ट कमी लागतात. चाळीस अंश तापला की ८० मिलिव्होल्ट. हे किरकोळ वाटतं, पण प्रवाह घातांकाने वाढतो: दर ६० मिलिव्होल्टला साधारण दहापट. बायस जागचा हलला नाही, तर प्रवाह वाढतो, त्याने उष्णता वाढते, तिने आणखी प्रवाह, आणि शेवटी धूर. यावरचा उपाय फार देखणा आहे. बायस ठरवणारा बीडी१३९ सारखा तिसरा ट्रान्झिस्टर आउटपुटच्या ट्रान्झिस्टरांच्याच हीटसिंकवर, म्हणजे त्यांची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्यावर, स्क्रूने बसवायचा. दोन रेझिस्टरांच्या गुणोत्तराने तो आपले ०.६ व्होल्ट हवे तितके गुणून देतो. तापल्यावर होणारी घटही तितक्याच पटीने गुणली जाते आणि बायस आपोआप उतरतो.

बायस जास्त दिला की आवाज जास्त गोड, हा समजही चुकीचा. एमिटरला ०.२२ ओहमचे रेझिस्टर असतील तर प्रत्येकावर सुमारे २६ मिलिव्होल्ट हवेत, म्हणजे शंभर-एक मिलिअँपिअर. बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले तापमान, भागिले इलेक्ट्रॉनचा विद्युतभार, हे खोलीच्या तापमानाला २६ मिलिव्होल्टच भरतं. याच्या वर गेलात तर दोघे एकत्र चालू असतानाचा लाभ (सिग्नल किती पट होतो तो आकडा) आणि एकटा चालू असतानाचा लाभ यांत फरक पडतो, आणि नवी विकृती शिरते.

‘क्लास ए’ मध्ये ही देवघेवच नाही, कारण बंद कुणीच होत नाही. ब्रिटिश अभियंते जॉन लिन्स्ली हूड यांचं १९६९ मधलं १० वॅटचं सर्किट आजही लोक बनवतात. पण ८ ओहमच्या स्पीकरसाठी ते २७ व्होल्टवर १.२ अँपिअर खातं, गाणं लागलेलं असो वा नसो. म्हणजे एका चॅनेलला ३० वॅटहून जास्त उष्णता. आपल्याकडच्या मे महिन्यात हे नको.

पहिल्यांदा बनवणाऱ्याने एलएम३८८६ ही तयार अॅम्प्लिफायर चिप घ्यावी. तिच्यात बायसचा ट्रान्झिस्टर आणि आउटपुटचे ट्रान्झिस्टर एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर आहेत, त्यामुळे तापमान लगेच कळतं. १८-०-१८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला की ८ ओहमवर वीस-पंचवीस वॅट सहज मिळतात. साध्या एलएम३८८६टी ची धातूची पाठ ऋण पुरवठ्याशी जोडलेली असते; ती आणि हीटसिंक यांच्यामध्ये मायका (वीज अडवणारी अभ्रकाची पातळ चकती) घालायला विसरू नका. नकली चिपा बाजारात खूप आहेत, तेव्हा खात्रीच्या विक्रेत्याकडूनच घ्या. सुट्या ट्रान्झिस्टरांचं सर्किट दुसऱ्या खेपेला बनवा. क्लास डी चे (ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करून चालणारे) तयार बोर्ड स्वस्त आहेत, थंडही राहतात, पण ते जोडून शिकायला फारसं काही मिळत नाही.

आणि बाण छापलेल्या, ‘दिशा असलेल्या’ महागड्या स्पीकर वायरींवर पैसे घालू नका. ध्वनीचा प्रवाह प्रत्यावर्ती असतो, तो दोन्ही दिशांनी जातो. तो पैसा हीटसिंकमध्ये घाला.

पहिल्यांदा वीज देताना २३० व्होल्टच्या वायरीत ६० किंवा १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावा. तो क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. लख्खच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. सगळं ठीक असेल तर बल्ब काढा आणि मल्टिमीटरने आउटपुटवरचा डीसी मोजा. तो ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तरच स्पीकर जोडा.