गाईच्या अंगातली हाळी

२०२२ च्या सप्टेंबरात खेड तालुक्यातल्या आमच्या काकांच्या गाईला लम्पी झाला. चाकणचा जनावरांचा बाजार बंद होता. गावोगाव गोठ्यात कडुनिंबाच्या पाल्याचा धूर चालू होता. आदल्या संध्याकाळी या गाईनं घमेलंभर आंबोण चाटूनपुसून खाल्लं होतं, दूधही नेहमीएवढंच दिलं होतं. सकाळी बघतात तर ताप १०५, मान खाली, वैरणीला तोंड नाही. दोन दिवसांत अंगभर सुपारीएवढ्या गाठी. काकांनी फोनवर मला विचारलं, "अगं, हिच्या अंगात लढायला काहीच नव्हतं का?"

मी पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तरी त्या वेळी मला धड उत्तर देता आलं नाही. प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही, कारण तो फार नेमका होता. लढायला होतं, भरपूर होतं. पण ते वेळेवर उठलं नाही, आणि उठू नये याची तजवीज विषाणूनं आधीच करून ठेवली होती.

गाय असो की माणूस, विषाणू अंगात शिरला की त्याला ओळखणारी प्रतिपिंडं पुरेशी तयार व्हायला आठवडाभर तरी लागतो. तोवर किल्ला लढवते ती उपजत प्रतिकारशक्ती. ती कोणा एका अवयवात नसते. कातडीच्या, घशाच्या, फुप्फुसाच्या साध्या पेशींतही पहारेकरी प्रथिनं असतात. धडधाकट पेशीत लांबलचक दुपदरी आरएनए सहसा नसतो आणि डीएनए पेशीद्रवात मोकळा फिरत नाही. असं काही दिसलं की पहारेकरी ओळखतात, घरात परकं कुणीतरी शिरलंय. निरोप पेशीच्या केंद्रकात जातो आणि पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिनं बनवून बाहेर सोडू लागते. ही शेजाऱ्यांना दिलेली हाळी असते. ती ऐकून शेजारच्या पेशी आपली शेकडो जनुकं चालू करतात, दारं-खिडक्या लावून घेतात आणि आत आलेल्या विषाणूची नक्कल होऊ देत नाहीत. आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी १९५७ साली लंडनमध्ये कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यांवर प्रयोग करताना इंटरफेरॉन शोधलं.

हाळी वेळेत गेली तर आजार तिथंच अडतो. म्हणून जनावरांमध्ये यशस्वी ठरलेल्या जवळजवळ प्रत्येक विषाणूकडे ती दाबायची काही ना काही युक्ती असतेच.

यातला सगळ्यात बारकाईनं अभ्यासलेला चोर म्हणजे गुरांच्या लाळ्या खुरकूत रोगाचा विषाणू. प्राण्यांमधला हा पहिला सापडलेला विषाणू. जंतू अडवणाऱ्या गाळणीतूनही हा रोग पार होतो, हे लोफ्लर आणि फ्रॉश यांनी १८९८ मध्ये दाखवलं. याचा जनुकीय मजकूर जेमतेम साडेआठ हजार अक्षरांचा, गाईचा सुमारे २७० कोटींचा. एवढ्याशा मजकुरात फालतू काही ठेवायला जागाच नाही. आणि त्यातलं पहिलं प्रथिन विषाणूनं स्वतःच्या कवचासाठी खर्च केलेलं नाही, पेशीचा आवाज बंद करण्यासाठी ठेवलं आहे. मला ही गोष्ट दरवेळी थक्क करते.

त्या प्रथिनाला 'लीडर' म्हणतात. ते एक कात्री आहे. तयार झाल्या झाल्या ते आधी स्वतःला उरलेल्या साखळीतून कापून मोकळं करतं. मग पेशीतलं एक महत्त्वाचं प्रथिन कापतं. पेशीच्या प्रत्येक संदेशवाहक आरएनएच्या टोकाला एक रासायनिक टोपी असते. रिबोसोमला, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राला, त्या टोपीशी जोडून देणारा दुवा म्हणजे हे प्रथिन. दुवा तुटला की टोपीवाले निरोप यंत्रावर चढत नाहीत. पेशीनं इंटरफेरॉनचा निरोप लिहिलेला असला, तरी त्यातून इंटरफेरॉन बनत नाही. विषाणूचा स्वतःचा आरएनए मात्र बिनटोपीचा असतो. रिबोसोमला थेट मधूनच पकडणारी एक घडी त्याच्यात असते, आणि तुटलेल्या दुव्याचा उरलेला तुकडा तिला पुरतो. म्हणजे कारखाना चालूच राहतो, फक्त माल परक्याचा निघतो. शिवाय हीच कात्री इंटरफेरॉनची जनुकं चालू करायला मदत करणारं एक प्रथिनही नष्ट करते. हे सगळं पहिल्या काही तासांत घडतं.

हे खरंच इतकं महत्त्वाचं आहे का, हे तपासण्याचा सरळ मार्ग म्हणजे कात्री काढून घेऊन बघणं. नव्वदच्या दशकात अमेरिकेत तसा प्रयोग झाला. लीडरचा भाग वगळलेला विषाणू गुरांना श्वासावाटे दिला. तो फुप्फुसात थोडा वाढला, पण तिथून पुढे पसरला नाही आणि जनावरं आजारी पडली नाहीत. बाकी विषाणू जसाच्या तसा होता. पुढे डुकरांवर याची उलटी बाजूही तपासली. विषाणू देण्याआधीच त्यांच्या शरीरात इंटरफेरॉन तयार होईल अशी सोय केली, तेव्हा ती लाळ्या खुरकुतापासून काही दिवस वाचली.

लम्पीची तऱ्हा वेगळी. तो देवीच्या कुळातला विषाणू, डीएनएवाला. त्याचा मजकूर दीड लाख अक्षरांचा आणि जनुकं दीडशेच्या वर, म्हणून त्याला हत्यारांची चैन परवडते. पेशीचं तोंड बंद करण्याबरोबरच तो हाळी वाटेतच झेलतो. इंटरफेरॉन पेशीवरच्या ज्या ग्राहींना (निरोप झेलणाऱ्या प्रथिनांना) येऊन चिकटतं, त्यांच्याशी मिळतीजुळती प्रथिनं बनवायची जनुकं त्याच्याकडे आहेत. अशी प्रथिनं इंटरफेरॉनला आधीच कवटाळतात, आणि शेजाऱ्यांपर्यंत काही पोचत नाही. दाह शांत करणारा 'इंटरल्यूकिन-१०' नावाचा संदेश गाईचं शरीर स्वतःच बनवत असतं. त्याच्यासारखाच संदेश तयार करणारं जनुकही या विषाणूत आहे. ते त्यानं कधी काळी एखाद्या प्राण्याकडूनच उचललं असणार. शेळ्या-मेंढ्यांच्या देवीचे विषाणू लम्पीचे सख्खे भाऊ. त्यांचा जनुकीय मजकूर जवळजवळ ९७ टक्के सारखा, पण लम्पीत शाबूत असलेली नऊ जनुकं त्यांच्यात मोडलेली आहेत. गाईत शिरकाव करण्यामागे ही जनुकं असावीत, असा अंदाज आहे.

बीव्हीडी, म्हणजे गुरांना विषाणूजन्य अतिसार करणाऱ्या तिसऱ्या विषाणूची फक्त एक गोष्ट सांगते, कारण ती मला सगळ्यात भयंकर वाटते. गाभण गाईला पहिल्या चार महिन्यांत त्याची लागण झाली, तर तो गर्भात शिरतो आणि इंटरफेरॉनचा निरोप केंद्रकात नेणारं प्रथिनच पेशीला मोडीत काढायला लावतो. गर्भाच्या शरीरात कुठंच बोंब होत नाही. त्याची प्रतिकारशक्ती आपलं-परकं ओळखायला शिकत असते, आणि विषाणूही तेव्हा तिथंच असल्यामुळे ती त्याला आपलाच समजते. असं वासरू जन्मभर विषाणू सोडत राहतं. कधी कधी ते दिसायला अगदी धष्टपुष्टही असतं.

काकांची गाय वाचली, कास मात्र पूर्वीसारखी राहिली नाही. दिवाळीत गेले तेव्हा ओट्यावर बसून त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, "मग लस टोचली की हाळी ऐकू येते का?"

नाही येत. विषाणूच्या कात्र्या तशाच राहतात. लस वेगळं काम करते. प्रतिपिंडांना लागणारा तो आठवडा ती आधीच भरून ठेवते. मग हाळी दबली तरी फौज वेशीवर उभी असते. भावंडांमधलं ते ९७ टक्के साम्यही इथं कामी आलं. २०२२ मध्ये आपल्याकडे गाईंना टोचली ती शेळ्यांच्या देवीची लस. लम्पीचीच लस हिसार आणि इज्जतनगरच्या संस्थांनी बनवली आणि २०२२ संपता संपता तिचं तंत्रज्ञान पुण्यात औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेला मिळालं. या लशीत जिवंत, पण प्रयोगशाळेत वाढवून वाढवून दुबळा केलेला विषाणू असतो.

त्या गाईला पुढे कालवड झाली. काकांना ती लगेच टोचून घ्यायची होती. मी त्यांना थांबवलं. गाईच्या वारेतून वासराला प्रतिपिंडं मिळत नाहीत, ती मिळतात चिकातून, आणि तीही पहिल्या दिवसातच आतड्यातून रक्तात जातात. म्हणून घरात खरवस व्हायच्या आधी कालवडीचं पोट भरायला हवं. आजारातून उठलेल्या आईच्या चिकात लम्पीची प्रतिपिंडं असतात. ती अंगात असताना टोचलेला दुबळा विषाणू वाढायच्या आधीच संपतो, लस वाया जाते. चार महिने थांबायचं. काकूंनी त्या वर्षी खरवस केला नाही. काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर चार महिन्यांनंतरची तारीख गोल करून ठेवली आणि तिच्याखाली लिहिलं, 'कालवड – लम्पी'.