खोली किरायाने देताय? नोटरीचा बाँड म्हणजे नोंदणी नव्हे

दहावीचा निकाल लागला की लातूरच्या ट्यूशन एरियात खोल्यांसाठी पळापळ सुरू होते. औसा, अहमदपूर, गंगाखेड, कंधारकडून पालक येतात, दोन-चार घरं बघतात, डिपॉझिट मोजतात. मग घरमालक पाचशेच्या बाँडवर अकरा महिन्यांचा करार टाईप करून घेतो, नोटरीचा शिक्का मारतो आणि कागद कपाटात ठेवतो. काम झालं असं दोघांनाही वाटतं. ते झालेलं नसतं, आणि कळतं तेव्हा बहुतेक वेळा भांडण सुरू झालेलं असतं.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ सांगतं की घर किरायाने द्यायचा करार लेखी हवा आणि नोंदणीकृतही हवा. मग तो भाडेपट्टा असो की लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी फी घेऊन राहायची परवानगी. ‘अकरा महिन्यांचा असेल तर नोंदणी लागत नाही’ ही समजूत केंद्राच्या नोंदणी कायद्यातून आली. त्या कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सवलत आहे, पण कलम ५५ मध्ये महिन्यांची कसलीही सूट नाही. आपल्याकडे मराठवाड्यात पूर्वी हैदराबादचा १९५४ चा घरभाडे कायदा चालायचा. ३१ मार्च २००० पासून त्याच्या जागी हा कायदा आला आणि शहरांना, नगरपालिकांच्या गावांना लागू झाला. पंचवीस वर्षं झाली, तरी सांगणारे जुनंच सांगतात.

नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे, किरायदारावर नाही. ती पार पाडली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लोक या शिक्षेला फारसे घाबरत नाहीत. खरा फटका त्याच कलमात पुढे आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर किरायदार ज्या अटी सांगेल त्या खऱ्या धरल्या जातात. त्या खोट्या आहेत हे मालकाने सिद्ध करायचं. सहा हजार ठरलं होतं आणि तो चार हजार म्हणाला, तर तुमचा नोटरीचा बाँड तुम्हाला वाटतो तितका उपयोगी पडत नाही. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवलेला असेल आणि मुदत संपल्यावरही किरायदार जागा सोडत नसेल, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. जागा अडवून ठेवल्याबद्दल लायसन्स फीच्या दुप्पट दराने भरपाईही मागता येते.

‘नोंदणीला फार पैसे लागतात’ हेही नेहमी ऐकायला मिळतं. एकदा हिशोब मांडून बघा. महिना ८,००० किराया, २०,००० डिपॉझिट, ११ महिने. एकूण किराया ८८,०००. परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, ते सुमारे १,८३३ होतं. या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे सव्वादोनशेच्या घरात. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. दस्त हाताळणीचं शुल्क आणि घरी येऊन नोंदणी करून देणाऱ्या सेवादाराची फी वेगळी. पाचशेचा बाँड, टायपिंग आणि नोटरी यांची बेरीज केली तर फरक फार उरत नाही. सेवादाराची फी मात्र आधी ठरवून घ्या. सरकारी चलन किती आणि त्याची मजुरी किती, हे वेगवेगळं विचारा. एक गोळाबेरीज रक्कम सांगणाऱ्याकडे चलनाची प्रत मागा.

कागद फार लागत नाहीत. दोघांचं आधार, पॅन असेल तर पॅन, घराचा पूर्ण पत्ता व क्षेत्रफळ, चालू लाईटबिल किंवा घरपट्टीची पावती. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या पोर्टलवर माहिती भरायची, मसुदा तयार करायचा, चलन भरायचं, कॅमेऱ्यासमोर फोटो आणि यंत्रावर अंगठा द्यायचा. मालक पुण्यात आणि घर लातूरला असलं तरी चालतं, दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी अंगठे दिले तरी हरकत नाही. अडतं ते पुढच्या गोष्टींवर.

पहिली अडचण ट्यूशन एरियात सर्रास होते. अकरावी-बारावीचं पोरगं सोळा-सतरा वर्षांचं असतं. अठरा पूर्ण नसलेल्याला करार करता येत नाही, त्याच्या नावाचा करार कायद्यापुढे शून्य. करार वडिलांच्या किंवा आईच्या नावाने करा आणि राहणारा म्हणून मुलाचं नाव मजकुरात घाला. एका खोलीत तीन-चार मुलं असतील तर प्रत्येकाचा पालक त्यात आला पाहिजे. एकाच्या बापाच्या नावावर चौघांना ठेवलं आणि तो मुलगा मध्येच गेला, तर उरलेल्या तिघांचा कागदच राहत नाही.

दुसरी अडचण अंगठ्याची, आणि ती बघून जीव कळवळतो. सोयाबीन काढणारा, कापूस वेचणारा, गवंडीकाम करणारा माणूस मुलासाठी एक दिवसाची मजुरी बुडवून येतो. यंत्रावर अंगठा ठेवतो, लाल खूण येते. पुन्हा ठेवतो, पुन्हा लाल. अंगठ्यावरच्या रेषाच झिजून गेलेल्या असतात. त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं, आणि तो ओशाळतो. त्याचं काहीही चुकलेलं नसतं. बोट कोरडं असेल तर ओल्या फडक्याने पुसा, यंत्राची काच पुसा, दहाही बोटं वापरून बघा. बऱ्याचदा अनामिका किंवा करंगळी चालून जाते. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलेलं नाही ना, तेही तपासा. तरी नाहीच जमलं तर आधार केंद्रात बोटांचे ठसे नव्याने देणं हाच उपाय. तेवढा वेळ नसेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात, म्हणजे दस्त नोंदवतात त्या सरकारी कचेरीत, समक्ष जाऊन दस्त नोंदवता येतो. तिथे ओळख पटवणारे दोघे सोबत न्या. हे काम आदल्या आठवड्यात करा, सामान टेम्पोत भरल्यावर नको.

तिसरी अडचण मालकाच्या बाजूची. घर आजोबांनी बांधलेलं, लाईटबिल अजून त्यांच्याच नावाने, घरपट्टी वारलेल्या वडिलांच्या नावाने आणि किराया घेतो धाकटा मुलगा. मग करारात मालक म्हणून कुणाचं नाव? हयात नसलेल्या माणसाचं तर घालता येत नाही. मृत्यूचा दाखला आणि वारसांचे कागद देऊन महापालिकेत किंवा नगरपालिकेत घरपट्टीची नावं आधी बदलून घ्या. तोवर सगळ्या वारसांना मालक म्हणून करारात घ्या, किंवा भावा-बहिणींनी एकाला कुलमुखत्यारपत्र द्यावं. ‘आमच्यात भांडण नाही’ हे आज खरं असेल. नोंदणी कार्यालय मालकीचा निवाडा करत नाही, त्यामुळे चुकीच्या नावाचा करार नोंदवलाही जाईल. पुढे त्याच कागदावर जागा खाली करून मागायला गेलात की प्रश्न उभा राहील.

आता मुदत. नोंदणीसाठी चार महिने असतात हे बहुतेकांना माहीत असतं, पण मोजणी चुकते. चार महिने करारावर सही केल्याच्या तारखेपासून धरतात. राहायला आल्यापासून नाही, आणि करार संपल्यापासून तर नाहीच. पुढच्या चार महिन्यांत दंड भरून दस्त घेतात, तो दंड नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो. मुद्रांक शुल्काला तर चार महिन्यांची सवड नाहीच. ते सहीच्या आधी, सहीच्या वेळी किंवा फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी भरलेलं हवं.

आणि अंगठा दिला म्हणजे नोंदणी झाली असं समजू नका. मसुदा दुय्यम निबंधकाकडे जातो, तो तपासतो, काही कमी असेल तर शेरा मारून परत पाठवतो. तो शेरा सेवादाराने बघितलाच नाही तर दस्त तसाच पडून राहतो आणि मालक मात्र निश्चिंत. सर्वसामान्य माणसाला कळेल अशा मराठीत एखादा निरोप पाठवायला विभागाला काय अडचण आहे, समजत नाही. म्हणून एंट्री नंबर आणि पासवर्ड सेवादाराकडून लिहून घ्या, स्वतः तपासत राहा. दस्त क्रमांक पडलेला, दुय्यम निबंधकाची डिजिटल सही असलेला करार आणि सूची क्रमांक २ (नोंदणीचा उतारा, ‘इंडेक्स टू’) हातात आली तेव्हाच नोंदणी झाली. त्याची प्रत किरायदारालाही द्या. अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार या सरकारी मदतीच्या योजनेच्या अर्जासाठी राहण्याचा पुरावा लागतो, नोकरदाराला घरभाडे भत्त्यासाठी लागतो. दर महिन्याच्या किरायाची पावती देणंही कायद्याने मालकावर बंधनकारक आहे.

पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं हे संपूर्ण वेगळं काम. पोलीस ठाण्यात फॉर्म दिला म्हणजे करार नोंदला गेला असं नाही, आणि करार नोंदवला म्हणून फॉर्म चुकत नाही. जिल्हाधिकारी, आणि छत्रपती संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्त, वेळोवेळी आदेश काढून ही माहिती बंधनकारक करतात. आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली कारवाई होऊ शकते. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरून माहिती भरता येते. खोलीतल्या प्रत्येकाची वेगळी भरा आणि पोच जपून ठेवा.

अकरा महिने संपले आणि तोच किरायदार पुढे राहणार असेल, तरी जुना करार आपोआप पुढे सरकत नाही. नवा मसुदा, नवं चलन, नवे अंगठे. जूनमध्ये केलेला करार मे महिन्यात संपतो, नेमका परीक्षा आणि सुट्ट्यांच्या धामधुमीत, आणि पालक गावाकडे असतात. त्यांना एप्रिलमध्येच फोन करा.