सतराव्या वळणावरचे गचके

फ्लोरिडातल्या सेब्रिंगला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हेंड्रिक्स फील्ड हा हवाई तळ होता. बी-१७ बॉम्बफेकी विमानांच्या चमूंचं प्रशिक्षण तिथे चालायचं. युद्ध संपलं, धावपट्ट्या उरल्या आणि ३१ डिसेंबर १९५० रोजी तिथे मोटारींची पहिली शर्यत झाली. आज हा ट्रॅक सुमारे ६ किलोमीटर लांबीचा आहे, पण त्याच्या काही भागांत जुनं काँक्रीट अजून तसंच आहे. लाद्या खचलेल्या, सांधे वर आलेले. शेवटचं, सतरावं वळण तर उजवीकडे लांबच लांब जातं आणि गाडी ते उड्या मारतच पार करते.

'आयरेसिंग' या सिम्युलेशन गेममध्ये हा ट्रॅक आहे, गचक्यांसकट. घरी खुर्चीत बसलेल्या माणसापर्यंत हे गचके कसे पोचवायचे, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा बराच किचकट आहे.

खाचखळगे मोजणं हा त्यातला सोपा भाग. ट्रॅकवर ठिकठिकाणी लेझर स्कॅनर लावतात. किरण रस्त्यावर आपटून परत येतो, त्यावरून अंतर कळतं आणि कोट्यवधी बिंदूंचा ढग तयार होतो. अचूकता काही मिलिमीटरची. हे तंत्र येण्याआधी गेम बनवणारे फोटो बघून, अंदाजाने उंचवटे घालत. काही वेळा तर सरळ गणितातली साइन लहर वापरत. 'असेटो कोर्सा' या दुसऱ्या रेसिंग गेमच्या ट्रॅक फाइलींमध्ये आजही लहरीची उंची आणि लांबी लिहायच्या जागा आहेत. गवत किंवा कर्बसाठी (ट्रॅकच्या कडेच्या रंगीत पट्ट्यांसाठी) ही युक्ती चालून जाते, पण काँक्रीटच्या सांध्याला चालत नाही. लहर नियमित असते, खचलेली लादी नसते.

बिंदू मिळाले तरी काम संपत नाही. ६ किलोमीटर लांब, १२ मीटर रुंद रस्त्यावर दर १० सेंटिमीटरला एक उंची नोंदवायची म्हटलं, तर ७२ लाख नोंदी होतात. दर सेंटिमीटरला नोंदवायची, तर ७२ कोटी. म्हणून डोळ्यांना दिसणारा रस्ता आणि चाकांना 'लागणारा' रस्ता हे दोन वेगळे पृष्ठभाग ठेवतात आणि बारकावे चाकांच्या वाट्याला देतात. दिसणारा रस्ता सपाट वाटतो आणि गाडी मात्र हादरते, ती म्हणूनच.

आता वेळेचा हिशेब. आयरेसिंग गाडीचं भौतिकशास्त्र सेकंदाला ३६० वेळा सोडवतो. ताशी २५० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ६९ मीटर जाते, म्हणजे दोन गणितांच्या मध्ये १९ सेंटिमीटर. टायर रस्त्याला एकाच बिंदूत टेकतो असं धरलं, तर १० सेंटिमीटर रुंदीची भेग दोन गणितांच्या मध्ये निसटून जाऊ शकते. मग टायर टेकतो तो सगळा पट्टा धरून सरासरी काढावी लागते. खरा टायरही हेच करतो. बारीक खडबड तो रबरातच गिळून टाकतो.

पण गचक्याने नेमकं बिघडतं काय? पहिली गोष्ट, पकड. चाकावरचा भार दुप्पट झाला तरी टायरची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. त्यामुळे भार वरखाली होत राहिला, तर सरासरी तेवढीच असूनही एकूण पकड घटते. समजा लाद्यांचे सांधे ५-५ मीटरवर आहेत आणि गाडी ताशी १८० ने चालली आहे. म्हणजे सेकंदाला १० दणके. चाक आणि टायर मिळून ज्या लयीत उसळतात, ती लय साधारण इथेच कुठेतरी असते. झोपाळ्याला बरोबर वेळेवर ढकललं की तो उंच जातो, तसं चाकाचं होतं आणि मग शॉक अॅब्सॉर्बरची कसोटी लागते.

दुसरी गोष्ट राइड हाइट, म्हणजे गाडीचं बूड जमिनीपासून किती वर आहे ते. आपल्याकडची कुटुंबाची गाडी १६-१७ सेंटिमीटर वर असते आणि तरीही एखाद्या स्पीडब्रेकरवर खाली घासते. शर्यतीच्या गाडीत हे अंतर जेमतेम काही सेंटिमीटर, कारण तळाखालून वेगाने जाणारी हवा गाडीला खाली ओढते आणि बहुतेक वेळा अंतर जितकं कमी तितकी ओढ जास्त. ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट, ओढ चौपट. गॅरेजमध्ये उभ्या गाडीची उंची आणि सरळ रस्त्यावर स्प्रिंगा दबलेल्या गाडीची उंची यांचा मेळ म्हणून लागत नाही.

गेममध्ये यासाठी बहुधा तक्ता असतो. पुढची उंची इतकी, मागची इतकी, तर हवेची ओढ इतकी. पद्धत चांगली आहे, पण तिला मर्यादा आहे. २०२२ मध्ये फॉर्म्युला वनचे नियम बदलले आणि गाड्या सरळ रस्त्यावर डॉल्फिनसारख्या उसळू लागल्या. अंतर फार कमी झालं की तळाखालचा प्रवाह मोडतो, ओढ सुटते, गाडी वर येते, प्रवाह पुन्हा जुळतो, गाडी पुन्हा खाली. अझरबैजानमधल्या बाकूच्या शर्यतीनंतर ड्रायव्हर लुईस हॅमिल्टनला गाडीतून उतरताना पाठ धरावी लागली होती. प्रवाह मोडायला आणि जुळायला लागणारा थोडा उशीर ही या उसळीची गुरुकिल्ली. साध्या तक्त्यात हा उशीर नसतो, उंची बदलली की उत्तर लगेच बदलतं. म्हणून नुसत्या वर-खाली हालचालीत ती उसळी तिथे आपोआप विरून जाते.

पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या खडबडीत ट्रॅकवर हॅमिल्टन आणि दुसरा ड्रायव्हर शार्ल लक्लेर दोघेही शर्यतीनंतर बाद ठरले. गाडीच्या तळाला १० मिलिमीटर जाडीची फळी असते, ती १ मिलिमीटरपेक्षा जास्त झिजलेली चालत नाही. त्यांची त्याहून जास्त झिजली होती. त्या आठवड्यात स्प्रिंट, म्हणजे मुख्य शर्यतीआधीची छोटी शर्यतही असल्याने उंची ठरवायला सरावाचं एकच सत्र मिळालं होतं.

हे सगळं गणित बिनचूक झालं तरी खेळणाऱ्याच्या हातात येतं काय? एक स्टिअरिंग. आणि स्टिअरिंग फार थोडं सांगतं. दोन्ही पुढची चाकं एकाच वेळी सारख्या उंचवट्यावर चढली, तर डावीकडचा आणि उजवीकडचा धक्का एकमेकांना खोडून काढतात. सरळ रस्त्यावर गचके जाणवत नाहीत अशी तक्रार गेमर नेहमी करतात. तिथे गेम खरं तर प्रामाणिक असतो. वळणात चित्र बदलतं. वळलेलं चाक सरळ व्हायला बघतं आणि त्याचा जोर भारावर अवलंबून असतो. म्हणून सतराव्या वळणात स्टिअरिंग क्षणात जड, क्षणात हलकं होतं. काही गेम वरून खोटी थरथर मिसळतात. मला ती आवडत नाही, कारण तिच्या गोंगाटात पकड सुटल्याची खरी खूण बुडते.

बाकीचं काम डोळे आणि कान करतात. तळाची पट्टी घासल्याचा आवाज, मागे उडणाऱ्या ठिणग्या. कॅमेऱ्याचा प्रश्न जास्त नाजूक आहे. खऱ्या ड्रायव्हरचं डोकं हलतं, पण आतल्या कानाकडून खबर मिळताच डोळे उलट दिशेला फिरतात आणि जग स्थिर दिसतं. घरी बसलेल्याच्या कानाला काहीच कळत नाही. कॅमेरा गाडीला घट्ट बांधला, तर सगळं चित्र थडथडतं आणि ते कुठल्याच ड्रायव्हरला दिसतं तसं नसतं. क्षितिज स्थिर ठेवून फक्त डॅशबोर्ड हलू द्यायचा पर्याय काही गेममध्ये असतो. दिसायला कमी थरारक, पण जास्त खरा. सीटखाली बसवायचे शेकर, म्हणजे थरथरणारी छोटी यंत्रं, लाद्यांचे दणके छान देतात, मात्र सेकंदाला एक-दोनदा होणारं संथ डोलणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं. त्याला खुर्चीसकट हलणारा प्लॅटफॉर्मच लागतो आणि त्याची किंमत बघून बरेच जण शेकरवरच थांबतात.

सेब्रिंगसाठी गाडी तयार करायची असेल, तर एक फेरी मारून टेलिमेट्रीतला (गाडीच्या मोजमापांच्या नोंदींतला) राइड हाइटचा आलेख उघडा. सतराव्या वळणात रेघ वारंवार शून्याला टेकत असेल, तर तळ आपटतोय. तेवढा वेळ भार तळावर जातो आणि चाकं हलकी पडतात. उंची दोन मिलिमीटर वाढवा किंवा स्प्रिंग कडक करा. उंची वाढवली तर हवेची ओढ थोडी जाते, स्प्रिंग कडक केली तर चाक सांध्यांवर जास्त उडतं. मी आधी उंची वाढवून बघतो.