‘हळद अर्क, ९५ टक्के’ : पार्श्वभूमी

विश्रामबागेतल्या किंवा मिरजेतल्या जिममध्ये काउंटरमागच्या कपाटात प्रोटीन पावडरच्या अजस्र डब्यांशेजारी हल्ली एक लहानशी डबी दिसते. वर हळकुंडाचं चित्र, खाली ‘हळद अर्क, ९५ टक्के’, त्याखाली बारीक अक्षरांत काळी मिरी, कधी जोडीला अश्वगंधा. मेटाबॉलिझम सुधारतो आणि व्यायामानंतरची दुखणी लवकर ओसरतात, असे दोन दावे. घेणारा मुलगा याच जिल्ह्यातला, त्याच्या घरी कदाचित हळदीचा पाऊण एकर असतो. तरीही ‘घरची हळद आणि ही हळद एकच का?’ हा प्रश्न काउंटरवर सहसा निघत नाही. या टिपणाचा विषय तेवढाच आहे.

हळदीचं पीक, काहिलीत शिजवणं, ड्रममध्ये पॉलिश, हरिपूरची पेवं (हळद साठवायचे जमिनीतले खड्डे) आणि २००५ च्या महापुरात त्यांची झालेली दैना, हे सांगलीकराला नव्याने सांगायला नको. अमेरिकेतल्या पेटंटची लढाईही सगळ्यांना पाठ आहे. मात्र त्या लढाईचा विषय जखमेवर लावायची हळद हा होता. गोळीत भरलेल्या अर्काशी तिचा संबंध नव्हता. डबीवरच्या मजकुरात मात्र ती लढाई हटकून डोकावते.

डबीवर आणखी एक वाक्य असतं, ‘पैलवानांचं पारंपरिक गुपित’. आपल्या भागात हे जरा जपूनच म्हणावं. तालमीत हळद होती, पण ती मुख्यतः पायाखाली. हौद्याच्या तांबड्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू मिसळायचे, माती मऊ राहावी आणि खरचटलेलं चिघळू नये म्हणून. अंगात ताकद यायची ती खुराकातून : दूध, तूप, बदाम, थंडाई. कुंडलच्या मैदानात उतरणारे मल्ल याच खुराकावर वाढले. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं, तेव्हा हळदीचा अर्क गोळीत भरून विकण्याची कल्पनाच नव्हती. दुधात चिमूटभर हळद घालून पिणं वेगळं आणि त्याला व्यायामाचं औषध म्हणणं वेगळं.

ग्रंथांकडे वळलं तर गंमत आणखी वाढते. चरकसंहितेत वनस्पतींचे दहादहाचे गट आहेत. त्यात हळद येते ‘लेखनीय’ गटात, म्हणजे साचलेला मेद खरवडून काढणाऱ्यांत. अश्वगंधा येते ‘बल्य’ आणि ‘बृंहणीय’ गटांत, म्हणजे बळ देणाऱ्या आणि अंग भरवणाऱ्यांत. एक खरवडते, दुसरी भरते. दोन्ही एकाच कॅप्सूलमध्ये घालून ‘ग्रंथोक्त’ म्हणताना नेमकं कोणतं काम ग्रंथाच्या नावावर मागायचं, हे ठरवायला हवं होतं. वैद्य असे योग देत नाहीत असं नाही, पण ते समोरचा माणूस पाहून देतात. काउंटरवर समोरचा माणूस कोणीही असतो.

आता मुख्य गुंता, ‘अर्क’ हा शब्द. एक्स्ट्रॅक्टला मराठीत अर्क म्हणायची सवय वर्तमानपत्रांना आणि जाहिरातदारांना सारखीच आहे. पण आयुर्वेदात अर्क म्हणजे ऊर्ध्वपातनाने काढलेला द्रव. ओव्याचा अर्क, बडीशेपेचा अर्क घरोघरी ठाऊक आहेत. वस्तू पाण्यात उकळायची, वाफ नळीतून नेऊन थंड करायची, थेंबथेंब गोळा करायचे. वाफेबरोबर उडतं तेवढंच त्यात उतरतं. हळदीचा असा अर्क काढला तर तिचं सुगंधी तेल येईल. पिवळेपणा मात्र भांड्याच्या तळाशीच राहील, कारण तो देणारं द्रव्य, म्हणजे कुरक्युमिन, वाफेबरोबर येत नाही. शब्दाचा खरा अर्थ धरला तर ‘हळद अर्क’ जवळजवळ रंगहीन निघेल आणि डबीवर ज्या द्रव्याचे ९५ टक्के मिरवले आहेत ते त्यात नसेलच.

मग ‘सत्त्व’ म्हणावं का? गुळवेल सत्त्व म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्याला विचारा. कांडं ठेचून पाण्यात कोळायचं, गाळायचं, पाणी निवळू द्यायचं आणि तळाशी बसलेला पांढरा थर वाळवायचा. तो मुख्यतः पिष्ट असतो. कुरक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे हाही रस्ता बंद. उरतो ‘घन’, म्हणजे काढा आटवून केलेला गोळा. पाण्याच्या काढ्याची अडचण इथेही तीच.

कारखान्यात प्रत्यक्षात वाळलेल्या हळदीची भुकटी अल्कोहोल, अॅसिटोन किंवा इथाइल अॅसिटेटसारख्या द्रावकात भिजवतात. द्रावक उडवून दाट, तेलकट राळ मिळवतात आणि तिच्यातून तेल वेगळं करून पिवळं चूर्ण स्फटिकरूपात काढतात. हे रसायनउद्योगाचं काम आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त त्याला अर्क, सत्त्व किंवा घन म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात आजीचं स्वयंपाकघर उभं राहतं. माझ्या मते या डबीची निम्मी विक्री त्या एका शब्दावर होते. सरळ ‘हळदीतून काढलेलं कुरक्युमिन’ असं लिहिलं तर काय बिघडेल?

कायद्यानेही हा गुंता सोडवण्याऐवजी आपल्या पद्धतीने विणला. १९४० च्या औषध कायद्यात आयुर्वेदिक औषधांचं स्वतंत्र प्रकरण १९६४ साली आलं. त्यानंतर २०१० मध्ये परवान्याच्या नियमांत ‘औषध घन’ हा वर्ग आला. त्यात पाण्यातला, पाणी-अल्कोहोलमधला आणि इतर द्रावकांतला असे भेद केले आहेत, आणि द्रावक परंपरेपासून जितका दूर तितक्या चाचण्या कडक. शब्द संस्कृत, पण चौकटीत अॅसिटोनचीही सोय. त्यानंतर २०१५ च्या अखेरीस वनस्पतिजन्य शुद्ध औषधांसाठी वेगळा वर्ग निघाला. त्याच्या व्याख्येत किमान चार ओळखलेली द्रव्यं असावीत अशी अट आहे. हळदीच्या ९५ टक्के चुर्णात मोजतात ती कुरक्युमिन आणि त्याची दोन भावंडं, मिळून तीन. ही बेरीज मी जिल्ह्यातल्या एका औषधविक्रेत्यापुढे मांडली तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “म्हणून तर सगळे खाद्याच्या दारातून येतात.”

खाद्याचं दार म्हणजे २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली २०१६ च्या डिसेंबरात निघालेले आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेले आरोग्यपूरकांचे (सप्लिमेंटचे) नियम. यात रोग बरा होतो असं म्हणता येत नाही आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापावं लागतं. ‘मेटाबॉलिझमला आधार’ असं मात्र म्हणता येतं. हे शब्दच असे निवडलेले की खोटं ठरवता येऊ नये. परिणामी एका कपाटात दोन डब्या शेजारीशेजारी राहू शकतात : एक आयुर्वेदिक परवान्याची, वैद्याच्या सल्ल्याने घ्या म्हणणारी, आणि दुसरी मी औषध नव्हेच म्हणणारी. आतलं पिवळं चूर्ण दोन्हींत सारखंच असू शकतं.

हळद म्हणजे नक्की कोण, हा वाद सांगलीच्या यार्डातही निघाला होता, जीएसटीच्या निमित्ताने. शिजवून वाळवून पॉलिश केलेली हळद शेतमाल की मसाला? २०२१ च्या अखेरीस राज्यातल्या कर-प्राधिकरणाने ती शेतमाल नाही असं ठरवलं आणि अडत्यांच्या कमिशनवर कर येणार म्हणून बाजारात खळबळ उडाली. पुढे अपिलात तो निर्णय फिरला आणि हळद पुन्हा शेतमाल झाली. नुसत्या शिजवण्याने वस्तूची जात बदलते का, यावर एवढं रण माजलं. द्रावकात विरघळवून ९५ टक्क्यांपर्यंत नेलेल्या चुर्णाची जात कोणी एवढ्या हिरिरीने विचारली नाही.

कुरक्युमिनचा जुना इतिहास थोडक्यात असा. १८१५ साली फ्रान्समध्ये ते वेगळं काढलं गेलं, १९१० मध्ये त्याची रचना कळली आणि त्यानंतर बराच काळ त्याची मुख्य ओळख खाद्यरंग अशी होती. युरोपात आजही ते ‘ई १००’ या क्रमांकाने चीजमध्ये, मोहरीच्या सॉसमध्ये घालतात. या रंगासाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा ठरवली आहे : वजनाच्या दर किलोला ३ मिलिग्रॅमपर्यंत. सत्तर किलोच्या माणसाला २१० मिलिग्रॅम. डबीतल्या ५०० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये ९५ टक्क्यांच्या हिशोबाने ४७५ मिलिग्रॅम येतात. रंगाची मर्यादा पूरकाला जशीच्या तशी लावू नये, ती जन्मभर रोज खाण्यासाठी आहे, असं बनवणारे म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. पण फरक लहान नाही. हळदीत कुरक्युमिन तीन-चार टक्के धरलं तर एक कॅप्सूल म्हणजे साधारण १२ ते १६ ग्रॅम हळद. एवढी आमटीत पडली तर ताट परत जाईल.

रंगाचं औषध व्हायला काळ्या मिरीने हातभार लावला. कुरक्युमिन पोटात गेलं तरी रक्तात फार थोडं उतरतं. १९९८ साली बंगळूरमध्ये झालेल्या प्रयोगात निरोगी माणसांना २ ग्रॅम कुरक्युमिनबरोबर मिरीतलं पायपेरिन २० मिलिग्रॅम दिलं, तेव्हा हे प्रमाण सुमारे वीसपट झालं. ‘२००० टक्के जास्त शोषण’ हा आकडा तिथून आला आणि आज तो प्रत्येक डबीवर आहे. नगण्याची वीसपट म्हणजे किती, हे डबी सांगत नाही. पायपेरिन हे घडवतं ते यकृत आणि आतड्यांतली परकी द्रव्यं निकामी करून बाहेर टाकणारी यंत्रणा मंदावून. ती इतर औषधांसाठीही तीच असते. रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी चालू असलेल्या काकांनी पुतण्याची डबी उचलण्याआधी एवढं तरी ऐकावं.

व्यायामाच्या बाजारात ही डबी शिरली त्याला अमेरिकेतली पडझड कारण आहे. तिथे १९९४ च्या कायद्याने पूरकांना विक्रीपूर्व मंजुरीच्या बाहेर ठेवलं आणि चरबी जाळण्याच्या नावाखाली इफेड्रा या उत्तेजक वनस्पतीचं चूर्ण धडाक्यात विकलं जाऊ लागलं. हृदयविकार, पक्षाघात, मृत्यू अशा तक्रारी साचल्या आणि २००४ मध्ये त्यावर बंदी आली. ‘मेटाबॉलिझम’चा कप्पा रिकामा झाला. हृदयाला न धडधडवणारी वनस्पती हवी होती. ग्रीन टी आला, कोकमाच्या कुळातलं गार्सिनिया आधीपासून होतंच (१९९८ मध्येच १३५ जणांवरच्या चाचणीत त्याचा वजनावर उपयोग दिसला नव्हता, तरी खप चालू), आणि हळदही आली.

पुरावा अगदीच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. २०१२ मध्ये थायलंडमधल्या २४० पूर्वमधुमेही लोकांवरचा नऊ महिन्यांचा अभ्यास छापून आला. त्यात कुरक्युमिन नसलेली दिखाऊ गोळी (प्लासिबो) घेणाऱ्यांपैकी १६.४ टक्क्यांना मधुमेह झाला, कुरक्युमिन घेणाऱ्यांपैकी एकालाही नाही. ‘मेटाबॉलिझम’च्या दाव्यामागे बहुधा हाच अभ्यास असतो. पण ती मध्यमवयीन, साखरेच्या उंबरठ्यावरची माणसं होती. पहाटे दंड काढणाऱ्या बावीस वर्षांच्या पोराचं शरीर वेगळं. व्यायामाच्या बाजूला २०१४ चा एक प्रयोग आहे : वीस पुरुषांना उतारावर पळवलं, कुरक्युमिन घेणाऱ्यांच्या मांड्या कमी दुखल्या. वीसच माणसं. आणि दुखणं कमी होणं म्हणजे ताकद वाढणं नव्हे. हे दोन्ही एकच आहेत असं डबी स्पष्ट म्हणत नाही, फक्त शेजारी दंड फुगवलेल्या माणसाचं चित्र छापते.

२०१७ मध्ये औषधरसायनशास्त्राच्या एका अमेरिकन नियतकालिकात या सगळ्याचा झाडा घेणारा लेख आला. कुरक्युमिन परीक्षानळीतल्या चाचण्यांनाच फसवतं, स्वतः चमकतं, भेटेल त्याला चिकटतं, त्यामुळे ते सगळ्यावर गुणकारी असल्याचा भास होतो, आणि १२० हून अधिक मानवी चाचण्या होऊनही ठोस यश हाती नाही, असं त्यात होतं. आपल्याकडे हा लेख हळदीवरचा हल्ला समजून वाचला गेला. तो हळदीवर नव्हताच.

यकृताचा प्रश्न त्यानंतरचा. इटलीत २०१९ मध्ये कुरक्युमिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत यकृतदाहाच्या डझनाहून जास्त घटना नोंदल्या गेल्या. भेसळ सापडली नाही, पण डबीवर इशारा छापणं भाग पडलं आणि २०२२ मध्ये तिथे आरोग्याचे दावेही काढायला लावले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या नोंदींतून हळदीच्या पूरकांशी जोडलेल्या दहा घटना प्रसिद्ध झाल्या. त्यांपैकी सात जणांत एकच विशिष्ट जनुकीय खूण होती. म्हणजे बहुतेकांना काही होत नाही, थोड्यांना बरंच होतं, आणि ते थोडे कोण हे आधी कळत नाही. आमटीतल्या हळदीवर हा आरोप नाही.

जाता जाता भावाचं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा अर्काच्या धंद्याने आपल्या राजापुरी जातीला सोन्याचे दिवस येतील असं बोललं गेलं. (साताऱ्याकडचे काही लोक वायगावच्या मानांकनाला वाईचं समजून आनंदले होते. ते वायगाव वर्धा जिल्ह्यातलं.) पण अर्क काढणारा कुरक्युमिनची टक्केवारी बघतो, आणि त्यात केरळची आलेप्पी आणि मेघालयातली लाकाडोंग राजापुरीच्या पुढे आहेत. मी पाहिलेल्या चार डब्यांपैकी एकीवरही हळद कुठली ते लिहिलेलं नव्हतं. चित्रातलं हळकुंड मात्र चारींवर होतं.