जड वाहनांची धूर तपासणी (भारत)

ट्रक, टँकर, डंपर, हायवा अशा डिझेलच्या जड गाड्यांच्या सायलेन्सरमधून किती काळा धूर येतो ते मोजायची ठरलेली पद्धत. बोलताना नुसतं पीयूसी (पोल्यूशन अंडर कंट्रोल) म्हणतात, ते सर्टिफिकेट सगळ्यांच्या माहितीतलं. आधार केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 115 चा. सुरुवात काहीजण 1991-92 च्या सुमारास नव्या इंजिनांचे निकष आले तिथून धरतात, पण कारखान्यातलं नवं इंजिन तपासणं वेगळं आणि रस्त्यावरची झिजलेली गाडी तपासणं वेगळं, म्हणून 1989 धरलेलं बरं.

गाडी न्यूट्रलला ठेवायची, इंजिन गरम हवं (ऑईल निदान 60 अंश सेल्सिअस), मग अ‍ॅक्सिलरेटर एकदम तळापर्यंत दाबायचा, गव्हर्नर (इंजिनाचा वेग ठराविक मर्यादेपुढे जाऊ न देणारा भाग) अडवेल तिथपर्यंत, असं पुन्हापुन्हा करून सरासरी काढतात. धूर स्मोकमीटरच्या नळीत जातो, एका टोकाला दिवा असतो आणि दुसऱ्या टोकाला किती उजेड पोचला ते बघतात. आकडा दोन मापांत सांगतात आणि घोळ इथेच होतो. हार्ट्रिज हे माप त्याच नावाच्या इंग्लिश कंपनीच्या मीटरवरून आलं, 0 म्हणजे स्वच्छ, 100 म्हणजे ठार काळोख, पण ते 430 मिलिमीटर नळीलाच लागू, नळी लांब केली की तोच धूर जास्त काळा दिसणार. दुसरं माप प्रकाश शोषणाचा गुणांक, दर मीटरला, त्यात नळीची लांबी हिशोबात घेतलेली असते म्हणून तंत्रज्ञांना तेच पटतं. जुन्या गाड्यांना मर्यादा 65 हार्ट्रिज म्हणजे दर मीटरला 2.45, बीएस-4 (भारत स्टेज-4, गाड्यांच्या धुराच्या सरकारी निकषांचा एक टप्पा) ला 50 म्हणजे 1.62. जर्मन बॉश पद्धतीत फिल्टर कागद किती काळा झाला ते बघायचे, पण आपल्या पीयूसीत ती नाही.

बीएस-4 च्या आधीच्या गाड्यांचं सर्टिफिकेट 6 महिने, पुढच्यांचं 12 महिने चालतं.

मुख्य आक्षेप असा की गाडीवर लोडच नसतो. वीस टन खडी घेऊन घाट चढणारा डंपर आणि सेंटरवर उभा असलेला रिकामा डंपर, दोघांचा धूर सारखा कसा असेल? शिवाय टेस्टपुरता डिझेल पंप कमी करून घ्यायची युक्ती गॅरेजवाल्यांना जुनीच. वापरातल्या गाड्यांची तपासणी सुधारा असं वाहन इंधन धोरणावरच्या माशेलकर समितीनेही 2002 च्या अहवालात सुचवलेलं. 2020 पासून बीएस-6 आल्यावर हे जास्तच खटकतं, कारण नायट्रोजन ऑक्साइड डोळ्याला दिसत नाहीत आणि स्मोकमीटरलाही दिसत नाहीत, ते कमी करणारी युरियाची (अ‍ॅडब्लू) यंत्रणा बंद पाडलेली गाडी आरामात पास होऊ शकते.

जेसीबीसारख्या मशिनींच्या इंजिनाचे निकष वेगळे, ते नियम 115अ मध्ये. व्याख्येत रबरी टायरच्या किंवा स्टील ड्रमच्या, रस्त्यावर ताशी 50 किलोमीटरच्या आत चालणाऱ्या मशिनी येतात. खाणीतून बाहेरच न पडणारी मशिनरी मोटार वाहन आहे की नाही यावर कोर्टात वाद झाले, 2001 च्या केरळच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने एक्सकॅव्हेटर आणि रोडरोलर टॅक्ससाठी मोटार वाहनच मानले, पण टॅक्सची व्याख्या धुराच्या नियमाला जशीच्या तशी लावणं धाडसाचं. चेनवाला पोकलेन ट्रेलरवर चढवून नेतात तेव्हा पीयूसी बघतात ती ट्रेलर ओढणाऱ्या गाडीची.