मानवकेंद्री डिजिटल परिवर्तन

संगणक, मोबाइल आणि विदा (डेटा) यांच्या आधारे सेवा उभारताना ती वापरणाऱ्या माणसाची गरज, कुवत आणि हक्क यांपासून सुरुवात करण्याची पद्धत. कागदी अर्ज जसाच्या तसा पडद्यावर आणणे हे केवळ संगणकीकरण होय. तो अर्ज मुळात हवाच कशाला, हा प्रश्न येथे आधी विचारला जातो.

या विचाराला मानकाचे रूप १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या (आयएसओ) ‘आयएसओ १३४०७’ या मानकाने दिले. २०१० मध्ये त्याची जागा आयएसओ ९२४१-२१० ने घेतली. वापरणाऱ्यांना आरेखनात पहिल्यापासून सामील करून घ्यावे आणि त्यांच्याकडून तपासून घेत पुन:पुन्हा सुधारणा कराव्यात, हे त्याचे सार. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेली शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे कोणालाही मागे न ठेवण्याचे वचन देतात. डिजिटल सेवांची खरी कसोटी या वचनावरच लागते.

माणूस बाजूला पडला की काय होते, हे ऑस्ट्रेलियात सरकारी भत्त्यांची जादा दिली गेलेली रक्कम वसूल करण्यासाठी आखलेल्या ‘रोबोडेट’ योजनेत दिसले. करखात्याकडील वार्षिक उत्पन्न संगणक २६ पंधरवड्यांत सारखे वाटून टाकी. त्यामुळे वर्षातले काहीच महिने काम मिळालेल्या व्यक्तीची कमाई बेकारीच्या काळातही दिसे आणि तेव्हा घेतलेला रास्त भत्ता ‘थकबाकी’ ठरे. हिशेब चुकीचा आहे हे सिद्ध करण्याचा भारही तिच्यावरच पडे. २०२३ मध्ये चौकशी आयोगाने योजनेवर कडक ताशेरे ओढले. हिशेबाची पद्धतच सदोष होती. पण नोटिशी जाण्यापूर्वी कर्मचारी प्रत्येक प्रकरण नीट पाहत असते, तर हा अन्याय पुष्कळसा टळला असता.

याउलट केनियात २००७ मध्ये सुरू झालेली एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा साध्या फोनवर चालली. बँकखाते नसलेल्यांना जवळच्या दुकानातील एजंटाकडे रोख पैसे भरता-काढता आले. तो एजंट हा यंत्रणेचाच भाग होता. सर्व व्यवहार ‘फक्त ऑनलाइन’ करण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

पर्यावरणाची बाजू अजून दुर्लक्षित आहे. २०२२ मध्ये जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला. त्यातील एक चतुर्थांशाहून कमी कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे. सॉफ्टवेअरची अद्यतने थांबली की धडधाकट फोनही टाकून द्यावे लागतात. जुन्या फोनवर आणि मंद नेटवर्कवर चालणारी सेवा हा कचरा कमी करते आणि नवा फोन न परवडणाऱ्यालाही सामावून घेते.